अकरा बोटांचा नावाडी

"हे अक्षर कोणाचं आहे, काका?"

पटकथा लिहिणाऱ्या त्या मुलीने कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि ती उभीच राहिली. समोरच्या खुर्चीवर गठ्ठे होते, ते उचलून तिला बस म्हणायचंही मला सुचलं नाही. कागद म्हणजे जुन्या हस्तलिखिताच्या एका पानाची रंगीत झेरॉक्स होती. निळ्या शाईत लेखकाचं तिरपं अक्षर, आणि एका ठिकाणी 'दहा' या शब्दावर लाल काट मारून वर गोलसर लिहिलेलं 'अकरा'.

स्वतःचं अक्षर ओळखायला मला चष्म्याची गरज नव्हती. तरी मी तो काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणालो, जुनं आहे, बघावं लागेल. ती म्हणाली, बघा, पण सोमवारच्या आत बघा. सोमवारी वाहिनीवाल्यांची बैठक होती आणि पुढच्या भागांच्या लेखनातून तिला काढायचं जवळजवळ ठरलं होतं. आवाज चढवला नाही तिने. दहा दिवस शिव्या खाल्लेल्या माणसाचा आवाज चढतही नाही.

या प्रकाशनसंस्थेत मी चौतीस वर्षं मुद्रितं तपासतो आहे. लेखक लिहितो, मालक छापतात आणि मधे कुठेतरी मी बसलेला असतो. माझं काम चांगलं झालं तर कोणाला कळत नाही आणि वाईट झालं तर सगळ्या गावाला कळतं. त्या सात खंडांच्या कादंबरीने तर माझ्या नाकी नऊ आणले होते. राजे, चेटकिणी, बोलणारे ससाणे, आणि प्रत्येकाला चार चार मावश्या. त्यासाठी मी एक वही केली होती. प्रत्येक पात्राला एक पान: डोळ्यांचा रंग, जखमा कुठे, घोडा कोणता, जिवंत की मेला. लेखकमहाशय स्वतः फोन करून विचारायचे, "अहो, आपल्या सेनापतीचा कुठला डोळा फुटलाय?" मी वही बघून सांगायचो, डावा. ते म्हणायचे, तुम्ही आहात म्हणून माझं राज्य चाललंय. शेवटी शेवटी तर त्यांनी छापण्याआधीची पानं वाचणंच सोडून दिलं. तुम्ही बघितलं ना, मग झालं, म्हणायचे.

तर तो नावाडी. त्याच्या डाव्या हाताला सहा बोटं. पोरक्या राजकन्येला नदीपार सोडताना तो शब्द देतो, 'तुला परत न्यायला मीच येईन,' आणि तिसऱ्या खंडाच्या शेवटी पुरात बुडून मरतो. पाचव्या खंडात राजकन्या परतीच्या वाटेवर त्याच नदीशी येते. काठावर एक नावाडी बसलेला असतो, हातांची बोटं एकमेकांत गुंफून. लेखकाने लिहिलं होतं, दहा बोटं. म्हणजे हा कोणी दुसराच नावाडी. मी वही उघडली. वहीत नावाड्याच्या पानावर 'डावा हात, सहा बोटं' होतं आणि मेल्याची नोंद नव्हती. मी दहाचे अकरा केले. कामात चोख माणूस मी.

पुस्तक आलं आणि वाचक वेडे झाले. शब्द पाळायला माणूस मरणातून परत आला, आणि लेखकाने तो आल्याचं सांगितलंसुद्धा नाही, फक्त बोटं मोजून दाखवली! लोकांनी त्या ओळीवर निबंध लिहिले, सदऱ्यांवर अकरा बोटं छापून घेतली. लेखक मूग गिळून बसले. कोणी विचारलंच तर नुसते हसायचे. मलाही कधी काही बोलले नाहीत. चार वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा त्यांच्या फोटोपुढे कोणीतरी कागदाची छोटी नाव ठेवून गेलं होतं.

आता टीव्हीवर मालिका आली आणि त्या काठावर भलतीच एक तरुण नावाडीण बसलेली दिसली, दहा बोटांची. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या कचेरीचा फोन खाली ठेवता येईना. पटकथाकार मुलीने सांगून पाहिलं की लेखकाच्या घरच्यांनी आपल्याला मूळ हस्तलिखित दाखवलं, त्यात निळ्या शाईत दहाच आहे; त्या पानाचा फोटोही तिने टाकला. त्यावर वाचकांचं उत्तर तयार होतं: लाल शाईतली दुरुस्ती लेखकाने स्वतः केली आहे, हिला लेखकापेक्षा जास्त कळतं काय? कोणी तिच्या घराचा पत्ता शोधून काढला. कोणी तिच्या आईला फोन केला.

ती झेरॉक्स ठेवून गेल्यावर मालकीणबाईंनी मला आत बोलावलं. यांना मी शाळेच्या दप्तरासकट कचेरीत येताना पाहिलं आहे, पण खुर्ची ती खुर्ची. त्यांनी दार लोटलं आणि म्हणाल्या, "काका, ते अक्षर तुमचं आहे ना?"

मी हो म्हणालो.

"मग आता तेवढं आपल्या दोघांतच राहू दे. पाचव्या खंडाची नवी आवृत्ती छापायला गेलीय. मुखपृष्ठावर हात आहेत."

मुखपृष्ठावर काय आहे ते मला ठाऊक होतं, बोटं मीच मोजून दिली होती. माझं निवृत्तीचं वय उलटून सहा वर्षं झाली होती. त्या ठेवताहेत म्हणून मी येत होतो, आणि घरी बसून भिंती तपासायची मला धास्ती होती. मी मान हलवली आणि बाहेर आलो.

फाटकाशी वाचकांचा घोळका होता. घोषणा वगैरे देऊन झाल्या होत्या, आता नुसतेच उभे होते, बिचारे दमले होते. त्यांत गणवेशातला एक बसचालक होता, पन्नाशीचा. मी आतला माणूस दिसतो म्हणून तो बाजूला आला. त्याचा धाकटा भाऊ नदीत पोहायला गेला तो परत आला नव्हता. त्यानंतर दोन वर्षं आपण पुस्तकाला हात लावला नाही आणि मग पाचवा खंड वाचला, असं त्याने सांगितलं. "लेखकाने मुद्दामच आणला होता ना त्याला परत? तुम्ही तर ओळखत असाल त्यांना." मी म्हणालो, पुस्तकात आहे ते आहे. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार, रविवार मला जेवण गेलं नाही. इकडे बसचालक, तिकडे ती मुलगी. एकाचा भाऊ माझ्या लाल पेनाने परत आणलेला, दुसरीची नोकरी त्याच पेनाने जायला निघालेली. पण बसचालकाचा भाऊ मी काहीही केलं तरी परत येणार नव्हता, आणि मुलगी मात्र जिवंत होती, तिने ओळ बरोबर वाचली होती आणि बरोबर वाचल्याबद्दल तिला शिक्षा होत होती. चौतीस वर्षं बरोबर वाचण्याचा पगार खाल्लेल्या माणसाला हे पचणं कठीण आहे.

रविवारी दुपारी मी पत्र लिहिलं, दोन परिच्छेदांचं. दुरुस्ती माझी आहे, लेखकाची नाही. तिसऱ्या खंडाच्या वेळी माझी पत्नी इस्पितळात होती, मी शेवटची पानं तिच्या खाटेशी बसून तपासली, वही घरी होती, आणि नावाड्याच्या मृत्यूची नोंद करायची राहून गेली. पटकथाकार बरोबर आहे. खाली सही. घरी माझ्या मुलीने ते तिच्या फोनवरून वाचकांच्या मंडळाला, वाहिनीला आणि मालकीणबाईंना पाठवलं. पाठवण्याआधी तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, पण नको म्हणाली नाही.

सोमवारी संध्याकाळी पटकथाकाराचा निरोप आला. एकच शब्द होता, 'राहिले.' त्याआधी सकाळीच मालकीणबाईंनी माझा गठ्ठा दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायला सांगितला होता. काका, आता खरंच आराम करा, म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आणि वाचक? त्यांनी माझ्यावर विश्वासच ठेवला नाही. माझी मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांची एकेक प्रतिक्रिया वाचून दाखवत होती. वाहिनीने म्हाताऱ्याला विकत घेतलं. प्रुफं तपासणाऱ्याला लेखकाच्या मनातलं काय कळणार. असा कोणी माणूसच नाही, सही खोटी आहे. एकाने तर सिद्ध केलं होतं की लेखकाने मुद्दाम माझ्यासारख्या अक्षरात लिहिलं. मला हसू आलं. नावाडी काही मरत नव्हता, आणि बसचालकाच्या आठवणीने मला त्यात समाधानच वाटलं, हे मी कबूल करतो.

फोन वाचता वाचता मुलगी थांबली. म्हणाली, "बाबा, तुमची नोंद राहते? तुम्ही तर वाण्याची यादीसुद्धा तारीख घालून लिहिता."

मी पाणी प्यालो. तिची आई गेली तेव्हा ही बारावीला होती, दुपारी क्लासला असायची. इस्पितळात भेटायची वेळ तीन ते पाच. ती पानं मी मनात तपासत नव्हतो, मोठ्याने वाचत होतो, कारण हिच्या आईला तो नावाडी आवडायचा. डोळे मिटून ऐकायची. शेवटच्या पानावर पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं आणि मी थांबलो. तिने विचारलं, "पोचला का हो तो?"

छापील पानात नाही ते मी आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी वाचलं. पोचला म्हणालो. ती बरं झालं म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती गेली. नंतर घरी आल्यावर वही पुढ्यात घेतली होती मी, दोनदा. हात चालला नाही. पाचव्या खंडाच्या वेळी मात्र पान उघडलं आणि तिथे जे होतं त्याप्रमाणे दुरुस्ती केली. विसरून केली की जाणूनबुजून, ते मला आजही सांगता येत नाही. म्हणून पत्रात लिहिलं, राहून गेली.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

तिने फोन उलटा ठेवला. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "पोचला, आणि मग? आईने पुढे विचारलं असेल ना. काय सांगितलंत तिला?"

विचारलं होतं. पलीकडे त्याचं कोणी होतं का, नाव कुठे बांधली, अंगावरचे कपडे वाळले का. मला सगळं आठवत होतं. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.