एकट्याचं काम

दाराची काच फोडून लोखंडी सळई आत आली, तेव्हा लाझार पिन्स्की चित्रकथेतल्या सुपरहिरोचा, वज्रमूठचा, उगारलेला हात रेखाटत होता. सळईमागून एक हात आला, त्याने आतली कडी काढली आणि तिघेजण स्टुडिओत शिरले. इस्त्रीचे सदरे, चकचकीत बूट. रविवारी चर्चला निघाल्यासारखे.

"जर्मन अधिकाऱ्यांना बंदरात बुचकळणारा तो वज्रमूठ," पुढचा म्हणाला, "तो काढणारा ज्यू कोण?"

संपादक ग्रुबमन टेबलाआड वाकले होते. पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवणारी पर्ल झास्लो हातात ब्रश घेऊन तशीच उभी होती. दुसऱ्याने शाईची बाटली उचलली आणि वाळत घातलेल्या पानांवर सावकाश ओतली. महिनाभराची मेहनत काळी झाली.

"बोलवा ना आता तुमच्या वज्रमूठला," तो हसत म्हणाला. "उडत यायला खिडकी उघडून ठेवू का?"

पर्ल पानं ओढून घ्यायला पुढे झाली. पुढच्याने सळई तिच्या मनगटावर घातली. हाडाचा आवाज झाला.

लाझार कधी मारामारीत पडला नव्हता. लहानपणी एसेक्स स्ट्रीटवर त्याने फक्त मार खाल्ला होता, आणि चष्मा सांभाळत पळण्यात तो वाकबगार होता. त्याने बसायचं स्टूल उचललं आणि त्या माणसाच्या कानशिलावर हाणलं. माणूस कोसळला. उरलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, लाझारकडे पाहिलं आणि जिन्याची वाट धरली.

मग लाझार पडलेल्याच्या छातीवर बसला. पहिला ठोसा पर्लसाठी होता, दुसरा त्या पानांसाठी. त्यापुढचे कोणासाठी होते, हे त्याला सांगता आलं नसतं. त्या माणसाने एकदा तळवा वर केला, तो काहीतरी पुटपुटला. लाझारने तो तळवा बाजूला सारला, दारातला पडदा सारावा तसा. हात दुखत होते आणि ते दुखणं गोड लागत होतं.

"लाझार," पर्ल म्हणत होती. "लाझार, पुरे."

शेवटी तिने चांगल्या हाताने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं.

पोलिसांनी फारसं काही विचारलं नाही. घुसखोर सळई घेऊन आले, बाईचा हात मोडला, माणसाने बचाव केला. मामला मिटला. ग्रुबमन तर हवेतच होते. त्यांनी कोपऱ्यावरून पास्ट्रामीची, खारवलेल्या मांसाची सँडविचेस मागवली आणि लाझारच्या पाठीवर थाप मारली.

"सुपरहिरो कशाने होतो रे? अंगात अचाट ताकद, अन्यायाची चीड आणि तोंडावर मुखवटा. तुझ्याकडे फक्त मुखवटा नाही. तो मी शिवून देतो."

सगळे हसले. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेली पर्ल हसली नाही. ग्रुबमन फोनवर गेल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली,

"तुला कळलं ना, तळवा वर करून तो माणूस काय म्हणत होता?"

"नाही."

"मला ऐकू आलं."

लाझारने सँडविच कागदात परत गुंडाळलं. ती पुढे सांगेल म्हणून तो थांबला. तिने सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं नाही.

त्या आठवड्यात त्याला वज्रमूठचं एकही पान जमलं नाही. मूठ काढली की तिच्या खालचा चेहरा आपोआप उमटायचा, आणि तो चेहरा खलनायकाचा दिसत नसे.

रविवारी दुपारी तो त्या माणसाला पाहायला इस्पितळात गेला. नर्सने नाव सांगितलं: एवाल्ड डेटमर. खाटेवर पट्ट्यांत गुंडाळलेलं डोकं होतं, तोंडातून नळी गेलेली. शेजारी जाड स्वेटर घातलेली, पांढऱ्या केसांची बाई लोकर विणत बसली होती. तिने लगेच पिशवी उचलून खुर्ची मोकळी केली.

"बसा ना. मी त्याची आई. बेकरीतले का तुम्ही? त्याच्या कामावरचं कोणीच आलं नाही."

लाझार बसला. हात त्याने कोटाच्या खिशातच ठेवले.

"डोळा गेला एक," ती म्हणाली. "वाईट संगतीला लागला होता, मी कुठे नाही म्हणते. रोज सांगायचे मी. पण असं मारायचं?" तिने सुई थांबवली. "पाच-सहा जण असणार. डॉक्टरसुद्धा म्हणाले, एकट्या माणसाकडून हे होणं नाही."

पलीकडच्या खाटेवर कोणीतरी खोकलं. लाझारने खिशातून हात काढले आणि गुडघ्यांवर ठेवले. बोटांच्या सांध्यांवरच्या खपल्या अजून ओल्या होत्या.

"मारणारा एकटाच होता, बाई," तो म्हणाला.

ती आधी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. मग तिची नजर खाली त्याच्या हातांवर गेली आणि तिथेच राहिली.