बिनडोळ्यांचे नाग

वंदनाने काडीला गुंडाळलेला कापूस गेरूत बुडवला, शेवटच्या नागाच्या शेपटीचा वळसा ओढला आणि ती मागे सरली. भिंतीवरच्या एकाही नागाला डोळे नव्हते.

"डोळे राहिले," रमाबाई म्हणाल्या.

"न्हाई, काकू. तुमच्याच पुस्तकात बघून काढले. बराबर हायेत."

मंठ्याच्या आसपासची भिंतचित्रं रमाबाईंनी तरुणपणी घरोघर बसून कागदावर उतरवली होती, त्याचं ते पुस्तक. इतकी वर्षं गल्लीत छापील नागच पुजले जायचे; यंदा पंचमीसाठी ते पुस्तक गल्लीभर फिरलं होतं. येताना त्यांनी इतर घरांच्या भिंती पाहिल्या होत्या. सगळे नाग आंधळे.

उंबऱ्याशी उभी असलेली शेजारीण शालू हसली. "बरं हाय की. दिसलंच न्हाई तर चावतो कुणाला?"

रमाबाई हसल्या नाहीत. ती चित्रं उतरवताना वंदनाच्या सासूनेच, पुष्पाबाईंनीच, त्यांचा हात धरून बजावलं होतं: कागदावर नागाचे डोळे उघडायचे नाहीत. कागद मिटला की तो कोंडला जातो. डोळे भिंतीवरच काढायचे, तेही पूजेआधी, घरातल्या मोठ्या बाईने. रमाबाईंनी ते पाळलं होतं. प्रत्येक घराचा डोळा निराळा असे, एवढं त्यांना आठवत होतं. कसा, ते आठवत नव्हतं. आज त्या तेवढ्यासाठीच आल्या होत्या. तसे डोळे काढणाऱ्या बायांत आता एकट्या पुष्पाबाई उरल्या होत्या.

वंदनाने सासूला दंडाला धरून भिंतीशी आणलं. पुष्पाबाईंनी काडी फण्यापर्यंत नेली. हात तिथेच थांबला. वंदनाने हळूच विचारलं, कसे काढायचे ते. पुष्पाबाईंनी काडी रमाबाईंपुढे धरली.

"तुमीच काढा, ताई. तुमी समदं उतरून नेल्तं. माह्या ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

डोळे तेवढे उतरवलेच नव्हते, हे सांगायला रमाबाईंनी तोंड उघडलं. पण दूध-लाह्यांचं ताट तयार होतं, बाया खोळंबल्या होत्या. त्यांनी काडी घेतली आणि फण्यावर दोन गोल ठिपके दिले. कोणीही दिले असते तसे.

पुष्पाबाईंनी पदर सावरून हात जोडले.

"हां. आपल्या घरचे असेच व्हते," त्या सुनेला म्हणाल्या.

शालूने फोन काढला. "काकू, जरा सरका. आमच्या भिंतीवरबी हेच काढते."

रमाबाई बाजूला झाल्या.