मादामचं ‘आतां’

पायाला भिंगरी, म्हणून वॉर्डात सगळे तिला भिंगरीच म्हणत, आणि तिला त्याचा अभिमानच होता. दहा खाटा, दहा म्हाताऱ्या, आणि साडेनवाच्या आत सगळ्यांच्या आंघोळी उरकणारी दुसरी आया कुणी दाखवा म्हणावं. अडायचं ते फक्त सात नंबरच्या खाटेशी.

तिथे मादाम होत्या. झटका येण्यापूर्वी बाई चार भाषा बोलायच्या म्हणे. झटक्याने एक बाजू लुळी केली आणि लहानपणची फ्रेंच तेवढी मागे ठेवली, तीही तुटक. त्यांना रोज धरून उभं करणं हे भिंगरीचं काम. काखेत हात घातला की मादाम म्हणायच्या, ‘आतां, आतां.’ चारांतली एक भाषा आपली असणार, तिच्यातला हा शब्द डोक्यात राहिला असणार, असं भिंगरीने ठरवूनच टाकलं होतं. आता तर आता! ती दुप्पट जोराने ओढायची, मादाम किंचाळून चापट मारायच्या. स्वतःच आता म्हणायचं आणि स्वतःच मारायचं, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सोमवारी डॉक्टरांनी सांगून टाकलं. शुक्रवारी शेवटचं बघायचं. बाई उभ्या राहिल्या नाहीत तर व्यायाम बंद, कायमचं खाटेवर. खाटेवर ठेवलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते भिंगरीने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकाच पेशंटला ती दोनदा गोळ्या द्यायला निघाली, सिस्टरने वेळीच हटकलं म्हणून बरं.

बुधवारी ड्युटी सुटल्यावर ती तडक भाचीकडे गेली. भाची फ्रेंचच्या क्लासला जायची. भिंगरीला एकच शब्द हवा होता, ‘उठा’. पण भाचीला शिकवायची हौस दांडगी. आजचंच क्रियापद घे मावशी, ती म्हणाली, बसस्टॉपवर, फोनवर, बोलता बोलता काही आठवलं तरी हेच लागतं. आणि तिने पाढा सुरू केला: झातां, त्यू आतां, इल आतां.

भिंगरीने चहाचा कप खाली ठेवला. “आतां म्हणजे?”

“थांब.”

“आता नाही?”

“नाही गं, थांब. परक्या माणसाला आतांदे म्हणायचं, म्हणजे थांबा. आतां आपल्या माणसाला.”

अकरा आठवडे. अकरा आठवडे ती म्हातारी आपलं माणूस समजून थांब म्हणत होती आणि आपण तिला गोणीसारखी ओढत होतो. भिंगरीला इतकी शरम वाटली की ‘उठा’ विचारायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी डॉक्टर आले, मागोमाग फाइल घेऊन सिस्टर. भिंगरीने मादामना खाटेच्या कडेला बसवलं, पाठीशी हात धरला.

“आतां,” मादाम म्हणाल्या.

भिंगरी थांबली. थांबणं म्हणजे काय शिक्षा असते ते तिला त्या दिवशी कळलं. तळहात शिवशिवत होते, बुटात बोटं वळवळत होती, चार नंबरवाली पाणी मागत होती. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि उचला ना बाई, म्हणाले.

“थांबा,” ती म्हणाली. “त्या थांब म्हणताहेत.” डॉक्टरला उलट बोलायची ही तिची पहिलीच वेळ. मग मादामकडे वळून तिने चाचरत म्हटलं, “झातां.” मी थांबलेय.

मादामनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चांगल्या पायाने लुळा पाय हळूहळू जवळ ओढला, नीट टेकवला, श्वास घेतला.

“आलों,” त्या म्हणाल्या.

“हे मराठी का?” डॉक्टरांनी विचारलं.

“मराठीच वाटतंय,” भिंगरी म्हणाली, “पण माझ्या कानांवर जाऊ नका.” ‘आलों’ म्हणजे फ्रेंचमध्ये ‘चला’, हे तिला भाचीकडून संध्याकाळी कळायचं होतं. हात जराही न ओढता ती मादामच्या गुडघ्यांकडे बघत राहिली. गुडघे थरथरत सरळ होत होते.