थेक्लाच्या पोहणाऱ्या बायका

"ट्रूडे, पाय सोड की गं!" छातीएवढ्या पाण्यात उभी राहून राजकन्या थेक्ला ओरडली.

"सोडते हो, बाईसाहेब. आधी तुम्ही मला घट्ट धरा!"

"धरलंय म्हणून तर बुडत नाहीयेस!"

काठावरच्या परटिणी पोट धरधरून हसल्या. राजवाड्यातली दासी आणि पाण्याला अशी भ्यायची! पण ट्रूडेला हसू येत नव्हतं. मागल्या वसंतात बर्फ वितळून वेरा नदी फुगली, तेव्हा तिची थोरली बहीण राजवाड्याच्या चादरी धुताना वाहून गेली होती. काठावर सगळं गाव उभं होतं, पण पोहता एकालाही येत नव्हतं. थेक्ला त्या मयताला पायी आली. परतल्यावर तिने राजवाड्यातल्या एका म्हाताऱ्या सैनिकाला गाठलं, त्याच्याकडून पोहणं शिकली आणि उन्हाळा लागताच परटिणींना शिकवायला नदीत उतरली.

त्या चिमुकल्या जर्मन संस्थानात बोभाटा व्हायला एवढं पुरेसं होतं. राजकन्या पुरुषी विजार घालून बायकांबरोबर पाण्यात डुंबते! पाद्रीबुवांनी प्रवचनात नाव न घेता तिला झोडपलं. शेवटी तिच्या भावाने, गादीवरच्या राजाने, न्याहारीच्या टेबलाशी विषय काढला.

"थेक्ला, शेजारचे दरबार हसताहेत आपल्याला. अशानं तुझं लग्न ठरेल का?"

"नाही ठरायचं बहुतेक."

"मग काय ते एक निवड. नदी, नाहीतर हा वाडा."

ट्रूडे कॉफी ओतत होती. थेक्लाने पेला पुढे केला. "काठोकाठ भर गं. इथली कॉफी परत कुठली मिळायला!"

पुलाखाली नावाड्याचं जुनं घर रिकामं होतं, तिथे ती राहायला गेली. ट्रूडेही बोचकं घेऊन मागोमाग.

"तुला कुणी हाकललं?"

"कुणी नाही. पण तुमचे केस कोण विंचरणार? आत्ताच झाडू झालाय त्यांचा."

छप्पर गळायचं. राजकन्येने सोललेला बटाटा सुपारीएवढा उरायचा, त्यावरून रोज भांडण. दर उन्हाळ्याला नव्या पोरी यायच्या, किंचाळायच्या, शिकायच्या. त्यानंतर नदीने गावातली एकही बाई नेली नाही. एखाद्या संध्याकाळी पलीकडून राजवाड्यातल्या वाद्यांचा आवाज आला, की थेक्लाचे हात थांबायचे.

"नाचायला फार आवडायचं गं मला," ती एकदाच म्हणाली. ट्रूडेने चुलीतली लाकडं उगाच सारखी केली.

केस पांढरे झाल्यावर एका ऑगस्टमध्ये थेक्ला छातीच्या दुखण्याने गेली. भावाने मात्र तिला इतमामाने नदीपलीकडे, राजघराण्याच्या चर्चमध्ये नेलं. त्या दिवशी पूल फक्त दरबारी बग्ग्यांसाठी मोकळा होता. पहारेकऱ्यांनी परटिणींना अलीकडच्या काठावरच अडवलं. जुनी दासी म्हणून ट्रूडेला तेवढी शेवटच्या बाकावर जागा मिळाली.

प्रार्थना सुरू झाली आणि मागचं दार करकरलं. ट्रूडेने वळून पाहिलं. परटिणी एकामागून एक आत येत होत्या. म्हाताऱ्या, तरण्या, सगळ्याच ओल्याचिंब. काळे झगे अंगाला चिकटलेले, फरशीवर पाण्याचे ओघळ. पहारेकरी पुढे सरसावला. राजाने मान वळवली, बायकांकडे पाहिलं, ओल्या फरशीकडे पाहिलं आणि हाताने त्याला थांबवलं.

ट्रूडे बाकावर थोडी आत सरकली आणि त्यांच्यासाठी जागा केली.