एकशे सत्तावीस दात्यांचा गिअर

पुरुषोत्तमरावांचा हात डोक्याच्या आधी चालायचा. संरक्षण खात्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर टर्नर होते, आणि चुकीचं माप सांगणाऱ्या हेल्परला तिथे त्यांनी लाथ घातली होती. घरी तर आठ वर्षांच्या मुलाने, अद्वयने, न मोजताच ‘सहा इंच’ म्हणून ठोकून दिलं, तेव्हा पोराच्या अशी सणसणीत मुस्काटात बसली होती की दोन दिवस कान वाजत होता. मापात खोटं? छे! त्यांच्या घरात ते चालणारच नव्हतं.

आता तोच अद्वय, इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात लटकवून, तांबरमच्या घरामागच्या शेडमध्ये बापाच्या लेथला बुटाने लाथ मारत होता.

“भंगार आहे हे, बाबा! सगळं इंचात. आज कोण विचारतं इंचाला?”

“लाथ मारू नकोस. तंगडी मोडून हातात देईन!”

पैज लागली होती तीन महिन्यांपूर्वी. अद्वयने खिशातून एक नट काढून टेबलावर आपटला होता. “या लेथवर बोल्टला दीड मिलिमीटरचे आटे काढून दाखवा. हा नट शेवटपर्यंत फिरला, तर लेथ इथेच आणि तुम्हीही इथेच. नाही तर लेथ भंगारात, आणि तुम्ही माझ्या पेरुंगुडीच्या फ्लॅटवर.”

आज मुदत संपत होती. भंगारवाला गजेंद्र दारात टेम्पो लावून हॉर्न बडवत होता.

इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे काढायचे, तर एकशे सत्तावीस दात्यांचा गिअर लागतो. म्हाताऱ्याने तो बिडाच्या चकतीतून कानशीने घासून काढला होता, बोटांची सालं निघेपर्यंत. आणखी एक पथ्य होतं. एरवी प्रत्येक फेरीनंतर एक लिव्हर सोडायची असते. इथे सोडली की पुढच्या फेरीला हत्यार भलत्याच जागी पडतं आणि सगळं मातीत जातं. पस्तीस वर्षं ती लिव्हर सोडलेला हात आपोआप तिकडेच जायचा. म्हणून त्यांनी ती सुतळीने करकचून बांधून टाकली होती.

शेवटची फेरी राहिली होती. हत्यार बोल्टच्या टोकाकडून आत सरकत निम्म्यावर आलं, आणि बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

“पुरे झालं!” अद्वय ओरडला आणि लेथवरून वाकून भिंतीवरचं बटण बंद करायला गेला.

ओळखपत्राची पट्टी बोल्ट धरून फिरणाऱ्या चकमध्ये अडकली.

ओरडायलाही वेळ मिळाला नाही. पट्टी गुंडाळत गेली, मान खाली खेचली गेली, गाल फिरत्या लोखंडापाशी आला. बटण अद्वयच्या छातीमागे. त्याच्या घशातून नुसती घरघर येत होती.

म्हाताऱ्याने कोपऱ्यातली पहार उचलली आणि सरळ आपल्या गिअरमध्ये खुपसली.

काडकन आवाज झाला. बिडाचे दाते गोळ्यांसारखे उडाले, एकाने त्यांची भुवई फाडली. मोटरचा पट्टा पुलीवरून निसटला, चक थांबला. त्यांनी सुरीने ओळखपत्राची पट्टी कापली, पोराला कॉलर धरून मागे ओढलं आणि भिंतीवर आदळलं.

“गाढवा! मशीनवर गळ्यात लोंबतं घेऊन येतात? मेला असतास! माझ्यासमोर मेला असतास रे!” ते रडत होते, आणि रक्त डोळ्यात उतरत होतं.

अद्वय खोकत खोकत उठला. मानेवर लाल वळ उमटला होता. त्याने बोल्ट सोडवून नट चढवला. नट झरझर फिरला आणि बरोबर निम्म्यावर अडकला. दोघांनीही ते पाहिलं.

“सार, काय झालं?” गजेंद्रने दारातून विचारलं.

अद्वयने बोल्ट मुठीत झाकला. “फिरला,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “शेवटपर्यंत.”

म्हाताऱ्याचा हात वर गेला. अद्वयने डोळे मिटले, आठव्या वर्षी मिटले होते तसेच. या हाताला कोणी सुतळी बांधलेली नव्हती. तो हळूच खाली येऊन पोराच्या वळावर टेकला.

“फिरला,” पुरुषोत्तमराव गजेंद्रला म्हणाले. “टेम्पो घेऊन जा.”

मग ते खाली बसून तुटलेले दाते गोळा करू लागले.