चौदाव्या दिवसाचा चमत्कार

ब्रश फोर्क कॉलेजच्या आवारात त्या सकाळी अकरा बसगाड्या लागल्या होत्या. डोंगरापलीकडच्या, सपाटीवरच्या, थेट राजधानीतल्या सरकारी कॉलेजांचे अध्यक्ष आणि प्राध्यापक त्यांतून उतरत होते आणि उतरल्या उतरल्या घंटेकडे धावत होते. कोणी पदवीधर झालं की कॉलेजचे अध्यक्ष डॉ. ग्रेडी टिडवेल ही पितळी घंटा स्वतः वाजवायचे. लोक तिला हात लावत होते, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढत होते. एका बाईंनी तर डोळे पुसले.

चमत्कारच होता तसा. राज्य दरवर्षी आपल्या कॉलेजांचा निकाल लावतं: पूर्णवेळ म्हणून दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी तीन वर्षांत किती जण पदवी घेऊन बाहेर पडले. आमच्या डोंगराळ भागात पंचवीस-तीस निघाले तरी आम्ही हुश्श म्हणतो. ब्रश फोर्कचे एकसष्ट निघाले. मुलं तीच, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींची गावं तीच, आणि आकडा एकसष्ट.

मी सभागृहात शेवटच्या रांगेत बसून जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला सत्याची पुजारीण वगैरे म्हणायला नको. मी ओलेटा हॅटमेकर, शेजारच्या स्टोनी गॅप कॉलेजात सव्वीस वर्षं गणित शिकवते. टिडवेल आणि मी एकाच वर्षी तिथे लागलो. त्याला साधी सरासरी फळ्यावर नीट काढता येत नसे. त्याच्या वर्गाच्या उत्तरपत्रिका मी तपासून दिल्या आहेत. आता महामार्गावर त्याचा वीस फुटी फोटो होता आणि माझ्या वर्गाचं छत गळत होतं.

"मित्रांनो," टिडवेल हात पसरून म्हणाला, "लोक मला विचारतात, ग्रेडी, तुझं गुपित काय? मी सांगतो. आकडे डोक्यातून येत नाहीत. हृदयातून येतात."

"आमेन," पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"पहिल्याच आठवड्यात मी प्रत्येक मुलाच्या डोळ्यांत पाहतो. आणि मला दिसतं, हा पोहोचणार."

"आणि जो पोहोचणार नाही तो?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

तो गोड हसला. "ओलेटा, ब्रश फोर्कमध्ये तसा मुलगाच नसतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी आमचे अध्यक्ष बर्ल लेडफर्ड वहीत भराभरा लिहून घेत होते. 'घंटा' असं लिहून त्यांनी खाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्यांना तरी काय हसायचं? स्टोनी गॅप निकालाच्या यादीत सगळ्यात खाली होतं. एप्रिलमध्ये राज्याचं शिक्षण मंडळ तळाच्या कॉलेजातला एक अभ्यासक्रम बंद करणार होतं, आणि आमचा नर्सिंगचा वर्ग जाणार हे ठरल्यातच जमा होतं. एकतीस विद्यार्थी होते त्यात. त्यानंतर जवळचा नर्सिंगचा वर्ग म्हणजे सत्तर मैलांवर, घाट ओलांडून.

त्या एकतीसांतली रेनीटा स्कॅग्ज जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे अपूर्णांक शिकायला यायची. दोन मुलांची आई, सकाळी पेट्रोल पंपावर कामाला. डब्यात बहुतेक वेळा घेवडा आणि मक्याचा पाव. एकदा मी तिच्यासमोर टिडवेलच्या नावाने बोटं मोडत बसले होते.

"बाई, मी होते की तिथे," ती पाव कुस्करत म्हणाली. "टिकले नाही."

"केव्हा?"

"चार वर्षं झाली. दोन आठवडे पूर्णवेळ होते. मग माझा एक तास रद्द झाला."

"कसला तास?"

"'यशाची पहिली पायरी'. एका क्रेडिटचा. पहिल्या आठवड्यात गणिताची चाचणी घेतली, त्यात जे जे घसरले त्यांना तो लावला. टिडवेल साहेब स्वतः आले, म्हणाले, तुमच्या डोळ्यांत मला आग दिसते. तेराव्या दिवशी निरोप आला, शिक्षक नाहीत, तास रद्द. माझ्या बाराचे अकरा झाले."

"आणि मग?"

"मग सोळाव्या दिवशी तो परत सुरू झाला. त्याच खोलीत, तेच शिक्षक. पण तोवर माझं पूर्णवेळ गेलं होतं ना, त्याबरोबर राज्याची शिष्यवृत्तीही गेली. नाताळपर्यंत कसंबसं ढकललं." तिने खांदे उडवले. "मला वाटलं, आपलंच नशीब फुटकं."

मी चहाचा पेला खाली ठेवला. पूर्णवेळ म्हणजे बारा क्रेडिट, हे आमच्याकडे शिपायालाही ठाऊक असतं. आणि राज्याची मोजणी होते सत्राच्या चौदाव्या दिवशी. त्या दिवशी ज्याच्या नावावर बारा आहेत, तो निकालात धरला जातो. ज्याच्या नावावर अकरा आहेत, तो वर्गात पहिल्या बाकावर बसलेला असला तरी निकालापुरता जन्मालाच आलेला नसतो.

मला रेनीटासाठी वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी झाला तो आनंद. सापडलास, ग्रेडी.

सरकारी कॉलेजचे कागद कुणाही नागरिकाला मागता येतात. मी मागितले. ब्रश फोर्कने सात आठवडे टोलवाटोलवी केली आणि मग उलटसुलट कागदांनी भरलेलं एक खोकं पाठवून दिलं. छताखालची बादली बाजूला सारून मी आणि रेनीटाने ते वर्गाच्या जमिनीवर पसरलं.

"बाई, ही बघा मी." पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या बाराव्या दिवसाच्या यादीत तिचं नाव होतं. चौदाव्या दिवसाच्या यादीत नव्हतं. तिने दोन्ही कागदांवर एकेक बोट ठेवलं. "म्हणजे ते नशीब नव्हतं," ती म्हणाली. "कुणीतरी बसून केलं होतं."

एप्रिलमधली मंडळाची जाहीर सुनावणी ब्रश फोर्कच्याच सभागृहात होती. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. माझी पाळी आली तेव्हा मी टिडवेलकडे वळले.

"डॉक्टर, चार वर्षांपूर्वी, सत्राच्या बाराव्या दिवशी तुमच्याकडे पूर्णवेळ नवे विद्यार्थी किती होते?"

"ओलेटा, मी मुलांना आकड्यांनी मोजत नाही."

"मी मोजते. सहाशे चाळीस. चौदाव्या दिवशी दोनशे अडतीस. दोन दिवसांत चारशे दोन मुलं गेली कुठे?"

"काही तुकड्यांना शिक्षक मिळाले नाहीत."

"सतरा तुकड्या. सगळ्या एकाच दिवशी बंद, सगळ्या चाचणीत घसरलेल्यांच्या. आणि सोळाव्या दिवशी सतराही शिक्षक हजर. काय झालं होतं त्यांना, गोवर?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. मी मंडळाकडे तोंड केलं.

"आपण सगळ्यांनी तंबूतल्या प्रार्थनासभा पाहिल्या आहेत. तिथे लंगडा चालायला लागतो. का? बुवाची माणसं दारातच रांग चाळतात. नुसता लंगडत येणारा असतो, त्याला चाकांच्या खुर्चीत बसवून पुढे ढकलतात. ज्याला खरंच उठता येत नाही, त्याला सांगतात, तू उद्या ये. इथेही तेच झालं आहे. पास झाले एकशे पंचेचाळीस. दोनशे अडतीसांनी भागा, एकसष्ट टक्के. वगळलेल्यांतले अकरा जण स्वतःच्या हिमतीवर पास झाले, तेही धरा आणि सहाशे चाळिसांनी भागा. चोवीस येतात. आमचे सत्तावीस आहेत."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती, पण बोलताना फार बरं वाटलं.

टिडवेल उभा राहिला. "सभ्य स्त्री-पुरुषहो, हा शुद्ध मत्सर आहे."

"आहेच," मी म्हणाले. "पण मत्सराने भागलं तरी चोवीसच येतात. करून बघ."

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी फोनवर भागाकार केला. पुन्हा केला. मग त्यांनी चौकशी जाहीर केली, आणि येत्या सत्रात दाखल होणाऱ्यांचा निकाल लागेपर्यंत कुठलाही अभ्यासक्रम बंद करायचा नाही असं ठरलं.

मला वाटलं होतं, बाहेर लोक संतापलेले असतील. बाहेर तीन कॉलेजांचे अध्यक्ष माझी वाट पाहत होते.

"हॅटमेकर बाई, ती चाचणी नेमकी कितव्या दिवशी घेतात?"

"तेरावाच दिवस का? बारावा चालणार नाही?"

त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मला चांगला ओळखीचा होता. हे आपल्याला का सुचलं नाही, म्हणून ते जळत होते.

गाडीपाशी लेडफर्ड साहेबांनी मला गाठलं. आवाज खाली आणून म्हणाले, "ओलेटा, मोजणीची तारीख अजून बदललेली नाही. एकदाच करू. नर्सिंगचा वर्ग वाचेल."

खरं सांगते, माझ्या डोळ्यांपुढे महामार्गावरचा फोटो आला. त्यावर मी होते. "उद्या सांगते," एवढंच मी म्हणाले, आणि घरी जाईपर्यंत मला स्वतःची लाज वाटत राहिली, तीही थोडीच.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून नर्सिंगच्या वर्गाच्या जुन्या चाचण्या काढल्या, कॉलेजात आल्याच्या पहिल्या आठवड्यातल्या. घसरलेले वेगळे केले आणि तो गठ्ठा लेडफर्ड साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे कोण?"

"तुमचा नर्सिंगचा वर्ग. एकतीसांपैकी हे एकोणीस. आपण तेव्हाच टिडवेलची युक्ती केली असती, तर हे इथे टिकलेच नसते. मग वाचवायचा तो वर्ग कुणाचा?"

त्यांनी वरचा कागद उचलला. रेनीटा स्कॅग्ज, तिसापैकी आठ.

"हिने गेल्या आठवड्यात इस्पितळात माझ्या आईला इन्शुलिन दिलं," ते म्हणाले.

"मात्रा बरोबर होती?"

"हो."

त्यांनी वहीतलं घंटेचं पान फाडलं आणि टोपलीत टाकलं. यंदा आम्ही पूर्णवेळ आलेला प्रत्येक जण मोजणीत ठेवला. रेनीटा मे महिन्यात पास होईल. तिच्यामागच्या वर्गाचं काय होईल, ते मला अजून माहीत नाही.

तुमच्याकडेही कोणीतरी एकसष्ट घेऊन येईल. कॉलेजचा असेल, इस्पितळाचा असेल, आजार पळवणाऱ्या बुवाचा असेल. टाळी वाजवण्याआधी त्याला एवढंच विचारा, कितीने भागलंस आणि कुणाला सोडून भागलंस. विचारायला साधुसंत असावं लागत नाही. भागाकार यावा लागतो, आणि सोडलेल्यांची नावं मागायची तयारी लागते.