जर्मनची पोर आणि जर्मनचा टोप

मी जर्मनचा टोप बोलतोय. घाबरू नका, मला जर्मन भाषा येत नाही. आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, एवढाच माझा त्या देशाशी संबंध. समजायला लागलं तेव्हा मी कर्जतच्या बाजारात दोरीला उलटा टांगलेला होतो. पारूबाईने मला बोटाने वाजवून पाहिलं आणि खालापूरकडच्या आपल्या गावी, बौद्धवाड्यात घेऊन गेली.

१९६७ साली गावात हिल्डा आली. वय बावीस, देश जर्मनी. दोन वर्षं बिनपगारी राहून गावाला संडास बांधायला शिकवायचं, हे तिने आपणहून पत्करलेलं. शाळेमागच्या खोलीत तिची सोय झाली. सरपंच धर्माजी आणि पंचायतीतल्या वडीलधाऱ्यांनी तिला नारळ दिला, फोटो काढून घेतला. ही जेवणार काय, हे विचारायचं राहून गेलं. वडीलधाऱ्यांचं बरंचसं असंच राहून जातं.

तिसऱ्या दिवशी पारूबाईने माझ्यात भात आणि वर सुकटीचं कालवण घालून मला तिच्यापुढे ठेवलं. हिल्डाने मला निरखून विचारलं, "हे कशाचं?"

"जर्मन हाय."

"मी पण जर्मन!"

"मग पोचे पडतील गं तुला," पारूबाई म्हणाली.

पहिला पोचा लवकरच पडला. हिल्डा मला राखेने घासून लख्ख करायची, रिकामा परत आणायची आणि दारात उभी राहून पुस्तकातलं पाठ केलेलं वाक्य म्हणायची, "मी आपली अत्यंत आभारी आहे." रोज. पाचव्या दिवशी पारूबाईने मला फळीवर पालथा घातला. जेवण बंद.

हिल्डाला काही कळेना. तिने धर्माजींना विचारलं. त्यांनी बराच विचार करून सल्ला दिला की आभार तोंडी नकोत, लेखी हवेत, खाली सही हवी आणि एक प्रत पंचायतीला हवी. बिचारीने तसं पत्र लिहून आणलं. सुनेने, मैनाने, ते वाचून दाखवलं. पारूबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आभार सभेत मानतात गं, पाहुण्यांचे. मी रांधते, नि तू मला रोज परकी करून जातीस. आणि शेजारणीचं भांडं असं रिकामं पाठवतात काय?"

"मग काय घालू?"

"काय पण घाल. चिमूटभर मीठ घाल."

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच चिमूटभर मीठ घेऊन परतलो. पारूबाई पोट धरून हसली. पुढे माझ्यातून करवंदं आली, शेवग्याच्या शेंगा आल्या, एकदा माथेरानची चिक्की आली. दारात उभी राहणारी पोर चुलीपाशी बसू लागली, कालवण अळणी झालं म्हणून कुरकुरू लागली. 'आभारी' हा शब्द आमच्या दारात तिच्या तोंडून येईनासा झाला, आणि पारूबाईला ती 'आये' म्हणू लागली.

दोन वर्षांत सहा संडास झाले. चारांत वडीलधाऱ्यांनी गोवऱ्या भरल्या. पाचव्याला कुलूप लावलं, पाहुण्यांसाठी. सहावा बौद्धवाड्यातला, तेवढा वापरात होता.

मग निरोपाची सभा. पारूबाई सगळ्यांच्या मागे जमिनीवर, मी भरलेला तिच्या मांडीवर. धर्माजी म्हणाले, या पोरीला गावाने पोटच्या लेकीसारखं जेवू घातलं. पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या एकानेही आमच्या घरचं पाणी कधी प्यायलं नव्हतं. पारूबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला एकच धास्ती होती. ती मैनाच्या कानात पुटपुटली, "आता ही माजं नाव घेती काय गं?"

हिल्डा लिहून आणलेला कागद घेऊन उभी राहिली. तिने धर्माजींचे अत्यंत आभार मानले. उपसरपंचांचे मानले. मग एकेका वडीलधाऱ्याचं नाव घेऊन, मान लववून मानले. एकालाही सोडलं नाही. पुढे छात्या फुगत गेल्या. मागे बायकांनी तोंडात पदर कोंबले.

पारूबाईचं नाव आलं नाही. भाषण संपवून हिल्डा तडक मागे आली, जमिनीवर बसली आणि माझं झाकण काढलं.

"आये, भूक लागलीय."

पारूबाईने तिच्या हातावर चापट मारली. "आधी हात धू." आणि मग डोळ्यांना पदर लावला.

याला आता बारा वर्षं झाली. माझ्या बुडाला भोक पडलंय. मैनाने माझ्यात माती भरून मिरचीचं रोप लावलंय. पुढेमागे मी मोडीत जाईन, त्याचं दुःख नाही. मागणं एकच. धर्माजींनी हिल्डाच्या त्या भाषणाचा कागद चौकटीत बसवून भिंतीवर लावलाय, आल्यागेल्याला मोठ्या अभिमानाने दाखवतात. कृपा करून त्यांना अर्थ सांगू नका.